भुताला पुरेल एवढी हवा

शांतता राखण्यासाठी आमच्या समोरच्या काकांनी जेवढा गोंधळ घातला, तेवढा अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या नेपरव्हिल गावात कुणी गोंगाट करण्यासाठीही घातला नसेल. हे काका आमच्या नात्यातले नाहीत. आम्ही या गल्लीत राहायला आलो त्या दिवशी ट्रकमधून सोफा उतरवणाऱ्या माणसांना एक गृहस्थ रस्त्यात उभे राहून "तिरका घ्या, तिरका, हां, आता सोडा" अशा सूचना चक्क मराठीतून देत होते, आणि ती माणसं त्या पाळतही होती. तेच हे. मूळचे सांगलीकडचे, सगळी उमर कारखान्यात गेलेली, इथे येऊनही मशीनच्याच नोकरीतून रिटायर झालेले. मी नागपूरची, माझी जीभही काही कमी नाही, पण या माणसापुढे गेली दहा वर्षं मी हरतच आलेय.

तरुणपणी काका मंडळासाठी गणपतीतले हलते देखावे करायचे. सायकलची चेन, शिलाई मशीनची जुनी मोटर, पत्र्याचे डबे असल्या सामानातून त्यांचा राक्षस मान वळवायचा आणि डोळेही मिटायचा म्हणे. इथे आल्यावर त्यांना हॅलोविन सापडला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. लोक अंगणात सांगाडे ठेवतात, जवळ गेलं की सांगाडा फस्सकन उठतो, मुलं किंचाळतात, चॉकलेट घेतात आणि पळतात. काकांना मात्र हे मुळीच पसंत नव्हतं. "दचकवायचंच असेल तर मागून भॉक करा की! भूत नीट दिसलं पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्यांच्या अंगणात दोरी बांधून रांग लावली जाई, दहा-दहा मुलांना आत सोडलं जाई, आधी भुताची सगळी कर्मकहाणी सांगितली जाई, मग ढगासारखं सावकाश भूत वर येई, डावीकडे बघे, उजवीकडे बघे, खाली जाई, आणि त्यानंतरच दारातल्या काकू चॉकलेट वाटत. माझी मुलगी लहानपणी त्या रांगेत पाय आपटत म्हणायची, "मॉम, इट्स जस्ट कँडी!" पण एकदा भूत वर यायला लागलं की तीही तोंडाचा आ करून बघत राहायची, हे मी पाहिलंय.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये काकूंच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आणि काकांनी तिचा अर्थ शांतता असा लावला. झालं! घरातल्या सगळ्या खुर्च्यांच्या पायांना लोकरीचे मोजे चढले. कुकरची शिट्टी वर ऐकू जाऊ नये म्हणून काका वरणभाताचा कुकर मागच्या अंगणात इलेक्ट्रिक शेगडीवर लावू लागले. कचऱ्याच्या गाडीवाल्याला गाठून "जरा हळू" म्हणून विनवलं. क्युपर्टिनोहून मुलाचा फोन आला की काका बाहेर अंगणात जाऊन, तोंडावर हात धरून बोलायचे, आणि तो पलीकडून ओरडायचा, "बाबा, काहीच ऐकू येत नाहीये यार!" मीही भेटायला गेले की चोरासारखी चवड्यांवर जिना चढायची. काकू वरच्या खिडकीशी बसलेल्या असायच्या आणि आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहायच्या. मला वाटायचं, थकल्यात.

सप्टेंबर संपता संपता काकांनी मला बोलावून कुजबुजत सांगितलं, "यंदा ती काही खाली दारात यायची नाही. तेव्हा भुतालाच वर तिच्या खिडकीत न्यायचंय. इतक्या वर्षांत तिनं एकदाही समोरून बघितलेलं नाही, नेहमी भुताच्या मागे चॉकलेट घेऊन उभी." मग लगेच म्हणाले, "फक्त आवाज होता कामा नये."

आता, त्यांची भुतं उठतात ती दाबलेल्या हवेवर. पंक्चरवाल्याकडे असतो तसा कॉम्प्रेसर टाकीत हवा भरतो आणि ती हवा सोडली की दांडा भुताला वर ढकलतो. काकांचा जुना कॉम्प्रेसर छोटा. टाकी एवढीशी, त्यामुळे दर दोन भुतांमागे मोटर सुरू व्हायची आणि पत्र्यावर खडी पडावी तसा आवाज करायची. शिवाय गॅरेज बरोबर काकूंच्या खोलीखाली. म्हणजे नवा घेणं आलं. माझ्याकडे मिनीव्हॅन होती, एवढ्याच गुन्ह्यासाठी मला सलग चार शनिवार दुकानं हिंडावी लागली. काका प्रत्येक कॉम्प्रेसर सुरू करायला लावायचे, एक बादली पालथी घालून तिच्यावर बसायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. चेहऱ्यावर अशी काही गुंगी की सेल्समन घाबरून मला विचारायचा, "इज ही ओके, मॅम?" मी काय सांगणार, कप्पाळ? मग काका डोळे उघडून निकाल द्यायचे. हा खोकतो. हा बरा आहे, पण सुरू होताना दचकतो. हा दिवसा गरीब, रात्री तोंड उघडेल.

शेवटी एक पसंत पडला. घरातल्या फ्रीजइतपत बोलणारा. पण काकांना तेवढंही नको होतं. त्यांनी ठरवलं की जोडीला एक भली मोठी टाकी घ्यायची, दुपारी काकूंना जवळच राहणाऱ्या त्यांच्या मुलीच्या घरी नेऊन बसवायचं, तेवढ्यात टाकी गच्च भरायची आणि संध्याकाळी मोटरला हातच लावायचा नाही. मी आपलं म्हटलं, एवढी मोठी टाकी, हजारभर भुतं उठतील. "तुम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं असंच," काका म्हणाले. "माठात पाणी किती ते बघायचं नाही, तोटीच्या वर किती ते बघायचं. खालचं असून नसून सारखं." म्हणजे दाब एका मर्यादेखाली गेला की टाकीत हवा असूनही भूत काही उठत नाही. कुणीतरी प्लास्टिकच्या पाइपची स्वस्तातली टाकी घरीच करा असं सुचवलं, तर काका दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत, कारण ती फुटली तर तुकडे उडतात. त्यांनी शिक्का असलेली पोलादी टाकीच आणली. रोज सकाळी तिच्या बुडाची चावी उघडून आत साठलेलं चमचाभर पाणी काढायचे आणि मगच स्वतःचा चहा घ्यायचे. तीस वर्षांपूर्वी सांगलीहून आणलेल्या आणि इथे कधीच न लागलेल्या मच्छरदाणीचं त्यांनी भूत शिवलं. दोऱ्या आणि कप्प्या लावून ते पार वरच्या खिडकीपर्यंत पोचेल अशी व्यवस्था केली. हिशोब पक्का होता, चाळीस वेळा भूत वर जाईल एवढी हवा.

हॅलोविनची संध्याकाळ सुरेख निघाली. मेपलची पानं अंगणभर पडलेली, थंडी बेताची, आभाळ जांभळं. झुडपामागून ती मच्छरदाणी खालच्या दिव्यात उजळत अशी काही अलगद वर निघाली, की मला क्षणभर वाटलं, कुणीतरी झोपेतच चालत वर जातंय. जाळी काढलेल्या खिडकीत शाल पांघरून काकू बसल्या होत्या. भूत त्यांच्यापुढे गेलं, त्यानं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि मग ते वाकलं. काकूंनी त्याच्या झोळीत चॉकलेटं टाकली, भूत ती घेऊन खाली मुलांकडे आलं. अख्खी रांग माना वर करून बघत होती. माझ्या तर अंगावर काटा आला, आणि सांगायला लाज कसली, डोळ्यांत पाणीही आलं.

पण कुणीतरी त्याचा व्हिडिओ टाकला आणि शेजारच्या चार गल्ल्या लोटल्या. एकोणचाळीस, चाळीस झाली आणि एक्केचाळिसाव्याला भूत गॅरेजच्या छपराशी येऊन अडकलं. ना वर, ना खाली. रांगेत अजून पन्नास तरी मुलं. काका टाकीच्या काट्याकडे बघत उभे, हातात मोटरचा प्लग. मी म्हटलं, "काका, लावा ना." ते नुसतीच मान हलवत राहिले, "ती दचकेल हो, ती दचकेल."

तेवढ्यात वरून आवाज आला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच एवढा खणखणीत.

"अहो! लावा की ती मोटर!"

"तुला त्रास होईल!" काका खालून कुजबुजले. कुजबुजलेच, तेव्हासुद्धा!

"त्रास ह्या शांततेचा होतोय!" काकू खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकून म्हणाल्या. "तीन महिने या घरात कुणी मोठ्यानं शिंकलं नाही. रात्रंदिवस नुसतं आपलंच काळीज ऐकत बसायचं, आता थांबतंय की मग थांबतंय. मी आजारी आहे, मेलेली नाही. लावा म्हणते ना!"

काकांनी प्लग लावला. मोटर सुरू झाली आणि भूत झोकांड्या खात वर गेलं, मुलं ओरडली, काकू हसल्या. त्या संध्याकाळी मोटर बंद झालीच नाही. दुसऱ्या दिवसापासून खुर्च्यांचे मोजे उतरले, कुकर स्वयंपाकघरात परतला, आणि दोघं पूर्वीसारखी तार स्वरात भांडू लागली. चांगले साडेचार महिने भांडली. मार्चमध्ये, बर्फ वितळायच्या आधी, काकू गेल्या.

परवा दुपारी समोरच्या गॅरेजमधून आवाज आला म्हणून गेले, तर काका घडीच्या खुर्चीवर बसलेले आणि तो जुना, खडखडणारा कॉम्प्रेसर चालू. नळी कशालाच जोडलेली नव्हती. टाकी भरली, मोटर आपोआप थांबली. काकांनी वाकून चावी उघडली, हवा सोडून दिली, आणि मोटर पुन्हा सुरू झाली. मी विचारलं, "काका, भूत कुठंय?"

"यंदा भूत नाही करत."

"मग हे कशाला?"

"घर गप्प पडलं की तिला आवडत नाही," काका म्हणाले.

मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले, दोन कप चहा टाकला, आणि मुद्दाम भांडी आपटली.