कॅलेंडरवरची माझी तारीख

काकूंच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर माझी पाळी लिहिलेली असायची. लाल पेनानं. वर नवीन सिलेंडर लावल्याची तारीख, खाली माझी.

त्यांचा फ्लॅट शिवाजी पार्कला. मी लालबागहून स्वयंपाकाला जायची, सात वर्षं. गौरी-गणपतीची तयारी चालली होती. हॉलमध्ये काकू, त्यांची जाऊ आणि जावई. काकूंनी तिथूनच विचारलं, "अगं, तुझी सोमवारी येतेय ना? मग गोळ्या आजच सुरू कर. विटाळशीच्या हातचे मोदक नकोत हो आम्हाला." जाऊबाई फिस्सकन हसल्या. जावयानं मोबाईलमध्ये मान घातली. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्यांनी पुढे केलेलं गोळ्यांचं पाकीट घेतलं. काम गेलं तर?

मूल राहू नये म्हणून घेतात त्याच गोळ्या. माझं ऑपरेशन कधीच झालेलं! पण सत्यनारायण आला, ढकल पाळी. नवरात्र आलं, ढकल. सण झाला की गोळी बंद. मग जे अंगावरून जायचं, बाई गं! जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी.

त्या गणपतीनंतर आईनं बघितलं. "तोंड केवढा पांढरा पडला गो तुझा!" हाताला धरून परळच्या एका दवाखान्यात घेऊन गेली. रक्त तपासलं. तांबड्या पेशी खूप खाली, प्लेटलेट भलत्याच वर. डॉक्टर पोरसवदा मुलगी.

"गोळ्या कुणी लिहून दिल्या?"

"काकूंनी."

"काकू डॉक्टर आहेत?"

मी पिशवीतलं उरलेलं पाकीट तिच्यापुढे ठेवलं.

"नीट घेतली तर हीच गोळी रक्त कमी जाऊ देते. तुमची सारखी धरसोड, म्हणून एवढं जातंय. पोटरी दुखते? या गोळ्यांनी कधी कधी पायात रक्ताची गाठ होते, ती नाही ना, बघायला हवं."

दुखत होती. सोनोग्राफीचा नंबर दोन दिवसांनी. दोन दिवस मी पायाला हात लावला नाही. गाठ सुटून वर गेली तर? पोरगी सहावीत. मी मोदकांपायी मरणार?

गाठ निघाली नाही. भीती काही निघेना.

नवरात्रात काकूंनी पुन्हा पाकीट दिलं. अष्टमीला पुरण वाटून झालं, आणि मी ते पाकीट तसंच, न फोडलेलं, ओट्यावर ठेवलं.

"काकू, एकही घेतली नाही. आज दुसरा दिवस आहे."

"अगंबाई! आणि सगळ्याला शिवलीस?"

"हो. पुरण मीच वाटलंय."

मग त्यांच्याच लाल पेनानं कॅलेंडरवरची माझी तारीख खोडली. कागद फाटला. काम त्याच दिवशी गेलं.

आता दादरला दोन घरं आहेत. दोन्हीकडे आधीच सांगितलं, तारीख विचारायची नाही, आणि पाळीत मी ओट्यापासून लांब राहणार नाही. एका तिसऱ्या घरानं त्यावर दार लावून घेतलं. कुणाच्या देवासाठी मी आता माझं रक्त अडवणार नाही.