खात्रीभाऊंची राहिलेली सही

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणारे कुलूपवाले आपलं दुकान बंद करतात तो सोहळा बघण्यासारखा असतो. स्वतः घडवलेलं कुलूप लावायचं, तीनदा ओढायचं, दहा पावलं चालायचं आणि परत येऊन चौथ्यांदा ओढायचं. मधल्या दहा पावलांत कुलपाचं मन फिरलं असेल तर? "खात्री काय?" हे त्यांचं पालुपद, म्हणून सगळे त्यांना खात्रीभाऊ म्हणतात.

भाऊंनी एके काळी दोन कर्जं काढली होती. एक किल्ल्या कापायच्या यंत्रासाठी, दुसरं बायकोच्या ऑपरेशनसाठी. सहा वर्षं पोटाला चिमटा काढून, सुट्टीच्या दिवशीही कानस घासून त्यांनी ती फेडली. यंत्राच्या कर्जाचा शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी बँकेतल्या कारकुनाने एक कागद पुढे सरकवला.

"काका, इथे सही करा, म्हणजे खातं बंद होईल."

"घेताना सही, फेडतानाही सही? म्हणजे तिसरं कर्ज गळ्यात!" पावती खिशात घालून भाऊ तडक बाहेर पडले. हा पराक्रम त्यांनी पुढे दोन वर्षं आम्हाला ऐकवला. खोटं कशाला बोलू, आम्हीही माना डोलावल्या.

अशात घरमालकिणीने घर विकायला काढलं. भाऊ आणि वहिनी अकरा वर्षं भाड्याने राहत होते, त्याच दोन खोल्या. "पहिला मान तुमचा," ती म्हणाली, "पण महिनाअखेरीपर्यंत बँकेचं मंजुरीचं पत्र दाखवा. दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे."

"गिऱ्हाईक-बिऱ्हाईक कोणी नसणार," भाऊ मला म्हणाले. मग माझ्याकडे रोखून बघत, "की तुम्हीच आहात?"

वहिनी मात्र कामाला लागल्या. भाड्याच्या पावत्या, दुकानाचा परवाना, बँकेची पासबुकं, सगळं त्यांनी एका पिशवीत नीट लावलं. पिशवीला भाऊंनी कुलूप लावलं.

दोघं बँकेच्या मोठ्या शाखेत गेले, तिथे घरकर्जाच्या टेबलाशी एक चष्मेवाली मुलगी बसली होती. तिने संगणकात बघितलं आणि कपाळाला आठी घातली.

"काका, तुमचं एक कर्ज अजून चालू दिसतंय."

"दोन्ही फेडलीत! पै न् पै!"

"बाकी शून्य आहे, पण यंत्राच्या कर्जाचं खातं बंदच झालेलं नाही. ते बंद झाल्याचं पत्र आणा, मग अर्ज पुढे जाईल."

भाऊ लालबुंद होऊन वहिनींसह बाहेर आले. "हिचं नाक बघितलंस? अगदी मालकिणीसारखं! मावशी-भाची असणार. जागा दुसऱ्याच्या घशात घालायचा डाव आहे."

"अहो, उभ्या जगावर शंका घेऊन झाली," वहिनी म्हणाल्या, "आता एकदा स्वतःवर घेऊन बघा. त्या दिवशी सही कोणी केली नाही?"

त्या संध्याकाळी भाऊंनी दुकानाचं कुलूप एकदाच ओढलं. प्रकरण गंभीर आहे, हे गल्लीला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी दोघं जुन्या शाखेत गेले. कारकून तोच, कागदही तोच. भाऊंनी तो तीनदा वाचला, त्यातही एकदा खालून वर. मग पेन उचललं. रोज पन्नास किल्ल्या कापणाऱ्या हाताने एकेक अक्षर कोरून सही केली. दोन खोल्या त्या सहीवर लटकलेल्या होत्या.

"झालं, बंद," कारकून म्हणाला.

"खात्री काय?"

कारकुनाने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. भाऊंनी निरखून पाहिलं आणि हळूच म्हणाले, "एकदा ओढून बघता?"

सहा वर्षं हप्ते घेतलेला माणूस तो. गिऱ्हाईक ओळखून होता. त्याने त्या खात्यात एक रुपया भरून पाहिला. संगणकाने साफ नकार दिला. "बघा काका, घेत नाही." बँकेत हसण्याची भाऊंची ही पहिलीच वेळ.

पत्र जोडून अर्ज गेला. चार दिवसांनी बँकेचा तपासनीस आला. त्याने खोल्या मोजल्या, भिंती ठोकल्या, हे दोघं इथेच राहतात ना, हे शेजारी म्हणून मला दोनदा विचारलं, आणि जाताना दार लागलं की नाही ते ढकलून पाहिलं. भाऊ हरखून गेले. "शेजारी, या बँकेवर विश्वास ठेवायला हरकत नाही. तिचा कोणावरच विश्वास नाही!"

मंजुरीचं पत्र आलं तेव्हा महिना संपायला दोन दिवस होते. पुढे कागदपत्रं झाली, घर नावावर झालं आणि भाऊंनी दाराला नवं कुलूप बसवलं. त्याची जादा किल्ली त्यांनी आयुष्यात प्रथमच शेजाऱ्याच्या, म्हणजे माझ्या, हातात ठेवली. मी भारावूनच गेलो. पण ते दुकानात गेल्यावर मला राहवेना. गुपचूप जाऊन मी ती लावून पाहिली. लागली.

"भाऊजी," आतून वहिनींचा आवाज आला, "सकाळपासून तिसऱ्यांदा लागतेय ती. तुम्हाला देण्याआधी हे स्वतःच दोनदा लावून बघून गेलेत."