पोटभर पाणी

शैलजाच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी वाकडच्या पुलाखाली रिक्षात अडकले होते. "मावशी, आई गेली गं..." एवढंच ती म्हणाली. आजार लांबलेला होता, तरी रिक्षा सांगवीकडे वळवायला सांगितल्यावर मला तिच्या घराची गल्ली आठवेना. त्याला आता महिना होऊन गेला. शोकसभेत सगळे तिच्या चाकणच्या अभ्यासाबद्दल भरभरून बोलले. किती गाजला, कुठे कुठे पोचला... मला मात्र तिथून उठून जावंसं वाटत होतं. त्या अभ्यासाचं कौतुक सुरू झालं की शैलजाही अशीच अस्वस्थ व्हायची.

आम्ही दोघी एकाच कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचो. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या लहान शेडमध्ये कंत्राटावर काम करणाऱ्या बायकांचा तिने अभ्यास केला. बहुतेक जणी मराठवाड्यातून आलेल्या. पूर्ण शिफ्टभर त्या पाणीच पीत नाहीत, हे तिच्या लक्षात आलं. संडास लांब, तिथे जायला सुपरवायझरची परवानगी लागायची आणि ती देताना तो चारचौघांत काहीबाही बोलायचा. त्यापेक्षा घसा कोरडा राहिलेला बरा. शैलजा त्यांच्या खोल्यांवर जाऊन बसायची, त्यांच्या ताटातली भाकरी खायची. रुक्मिणी नावाच्या बाईशी तर तिची चांगलीच गट्टी जमली. अहवाल आला, पेपरात मोठी बातमी झाली, आणि ते कात्रण मीच विभागाच्या फलकावर लावलं.

पुढे कॉलेजचं मूल्यमापन आलं. संशोधन नुसतं छापून चालणार नव्हतं, त्याने समाजात काय फरक पडला ते दाखवायचं होतं. विभागप्रमुख मी. म्हटलं, "शैलजा, तुझ्याइतकं दाखवण्यासारखं कुणाकडे आहे? जाऊन बघू या, जवळ संडास झाला असेल तर फोटो काढू." गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, म्हणून गुरुवारीच गेलो. अगदी हौसेने.

रुक्मिणी दारात मेथी निवडत होती. तिने आधी आम्हाला पाणी दिलं. शैलजाने हसून विचारलं, "आणि तू? पितेस ना आता?"

"पितो की म्याडम, पोटभर पितो. आता घरीच हावोत न."

शैलजाला कळेना. मग रुक्मिणीने सांगितलं. अहवालात कुणाचं नाव नव्हतं, पण भंगाराच्या ढिगामागच्या संडासाचं वर्णन वाचून मालकाने आपली शेड ओळखली. "शेठ म्हनला, बायांची कटकटच नको. समद्यांला कामावरनं बंद केलं, पोरं घेतली." आवाजात राग नव्हता. "तुमी लिवलं ते खोटं न्हाई म्याडम. पन छापायच्या आदी आमाला इचारायचं तरी..."

"चुकलं गं माझं," शैलजा म्हणाली. रुक्मिणी रिकामे पेले उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी शैलजा माझ्या खोलीत आली. "परिणाम म्हणून लिही, बायकांचं काम गेलं."

"अगं, विभागाचं काय होईल?"

"मग माझा अभ्यासच वगळ. पण खोटं लिहू नकोस."

मी तसंच लिहिलं. मूल्यमापन समितीतल्या एका गृहस्थांनी ते वाचलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, याला परिणाम म्हणत नाहीत. काहीतरी चांगलं सांगा."

"चांगलं अजून झालेलं नाही, सर," शैलजा म्हणाली. " लाज तेवढी वाटते आहे."

कुणीच वर पाहिलं नाही. मीही नाही. फलकावरचं ते कात्रण मी त्याच संध्याकाळी काढलं.

त्यानंतर शैलजा कामासाठी शब्द टाकत एकेक शेड हिंडली. रुक्मिणीला एका कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायचं काम मिळालं, आणखी काही जणींचंही जमलं. काही जणी गावाकडे परतल्या, त्या पुन्हा भेटल्याच नाहीत. त्यांची नावं ती अधूनमधून एकदम घ्यायची. मात्र तेव्हापासून जे काही लिहील ते आधी ज्यांच्याबद्दल आहे त्यांना वाचून दाखवायचं आणि त्या म्हणतील ते काढून टाकायचं, हे तिने कधी चुकवलं नाही. पुरावा कमकुवत म्हणून एकदा तिचा लेख परत आला. म्हणाली, "कमकुवतच बरा."

गेल्या आठवड्यात मी रुक्मिणीकडे गेले. अशी बातमी फोनवर सांगवेना. तिने तवा खाली उतरवला.

"म्याडम आल्या की माफी मागायच्या. मी कदी 'आसू द्या' म्हनले न्हाई. म्हनायला पायजे हुतं का वो, ताई?"



रुक्मिणी हे तिचं खरं नाव नाही. हा लेख छापायला देण्याआधी तिच्या खोलीत बसून मी तो तिला वाचून दाखवला. तिने एक प्रसंग काढायला सांगितला. का, ते मी विचारलं नाही. काढून टाकला.