कार्तिक अमावास्या कोणाची?

कांता गजभियेनं समुद्र जन्मात पाहिला नव्हता, पण समुद्रातल्या गोगलगायी तिनं आठ वर्षांत किती चिरल्या, याला गणती नाही. वडील दादाराव मानक नगरला रेल्वेत, म्हणून भंडाऱ्याची ही माणसं लखनऊत रुजली. कांता एका प्रयोगशाळेत हंगामी नोकरीला होती. रत्नागिरीहून बरण्या यायच्या. ती प्रत्येक गोगलगायीची दोन वजनं घ्यायची. एक पोटातल्या ग्रंथीचं, जिथं चरबी साठते, आणि दुसरं अंडाशयाचं. अंडी भरू लागली की साठवलेली चरबी उतरते, असं प्रयोगशाळेचे प्रमुख माथुर सर यांचं म्हणणं.

अठ्ठ्याहत्तर साली घोटाळा निघाला. या चरबी-अंड्यांच्या अभ्यासाच्या पहिल्या वर्षी अंडी डिसेंबरात भरलेली, दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात! सर भडकले. "कांता, तुमने जार मिला दिए!" आणि तिला कायम करायच्या कागदावर 'कामात बेफिकीर' असा शेरा मारून मोकळे झाले. दिवाळीनंतरच्या सोमवारी कागद वर जायचा होता. घ्या! चोर सोडून संन्याशाला फाशी.

दिवाळीत आलमबागेच्या घरी शेजारच्या मराठी सरलाताई इथल्याच घरमालकिणीशी हुज्जत घालत होत्या. "दिवाली की अमावस आश्विन की होती है, भाभी!"

"नहीं जी, कातिक की."

दोघी हटेनात. कांता ऐकतच राहिली. अगं बाई! उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला.

पहिल्या वर्षी बरण्यांवरच्या चिठ्ठ्यांवर इंग्रजी तारखा असत. मग गोगलगायी वेचायचं काम रत्नागिरीच्या गोपीनाथ कोळ्याकडे गेलं. अमावास्येला ओहोटी खोल लागते, खडक उघडे पडतात; तो तेव्हाच गोगलगायी वेचायचा आणि चिठ्ठीवर 'कार्तिक अमावास्या' अशी तिथी लिहायचा. सर लखनऊचं पंचांग बघून तारीख टाकायचे. कांताच्या बौद्ध घरात मोजायची ती पौर्णिमा, आणि ती दोन्हीकडे एकाच महिन्याची. म्हणून तिलाही इतके दिवस पत्ता नाही.

सोमवारी ती सरांपुढे उभी राहिली. "सर, गोपीनाथ की कार्तिक अमावस आपकी दिवाली के एक महीने बाद आती है."

सरांनी आलेखावरचे दुसऱ्या वर्षाचे ठिपके महिनाभर पुढे सरकवले. रेघा जुळल्या. "अरे वाह! देखो, चर्बी घटी, अंडे बढ़े!"

"और मेरा काग़ज़, सर?"

"हाँ, हाँ, बदल देंगे."

"अभी, सर."

जुना कागद फाडून नव्यावर सही होईपर्यंत ती जागची हलली नाही. मग जिन्यात बसून संतापानं ढसाढसा रडली. आठ वर्षांत तिचं एक वजन चुकलं नव्हतं, आणि मराठी चिठ्ठीचा अर्थ समोरच्या मराठी बाईला विचारावा, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.