डोळा पाहणाऱ्या बाई

कोणाविषयी लिहावं एवढा माझा अधिकार नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी सहीसुद्धा केलेली नव्हती, आणि माझ्या लिहिण्यानं एकदा काय झालं ते पुढे येईलच. तरी लिहितो आहे. माफ करा.

आमच्या वस्तीतल्या नर्सबाई भेटल्या की राम राम होत नसे. दोन बोटं तुमच्या डोळ्याखाली टेकत, खालची पापणी ओढत आणि म्हणत, "वर बघा. हं. पांढरा पडलाय." दूधवाला असो, पोस्टमन असो, कोणीही सुटत नसे. अंगात रक्त किती ते त्यांना तिथं दिसे. तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेल, ज्याला चेहऱ्यात एकच गोष्ट दिसते.

बाई घाटावरच्या. वऱ्हाडी बोलायला जात आणि बायका तोंडाला पदर लावून हसत. माझ्या वहिनीला त्या एकदा म्हणाल्या, "तुले दूध प्यायले पाहिजे."

"मंग दूधवाल्याच्या म्हशीचाच डोळा पाहा ना बाई," वहिनी म्हणाली, "तिचं दूध आमाले कोठं भेटते!"

बाईच सगळ्यांत जास्त हसल्या. पण पापणी सोडताना त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. वहिनीला पाचवा महिना होता.

वहिनी कापसाच्या जिनात रेच्यावर, सरकी काढायच्या यंत्रावर, होती. खरं सांगायचं तर माझं खामगावचं कॉलेज तिच्याच मजुरीवर चाललं होतं. कामावर जाताना ती दादाचा ढगळ सदरा घाली. कापसाची धूळ लागू नये म्हणून घालत असेल, असं मी समजत होतो.

दर मंगळवारी दवाखान्याच्या ओट्यावर गरोदर बायकांची तपासणी असे. आधी बाक भरे. मग जिन सुरू झाला, आणि बायका गळू लागल्या. एक खाडा केला की मुकादम आठवडाभर फाटकातून आत घेत नसे. मी दिवाळीच्या सुट्टीत घरी होतो. बाई माझ्याकडे आल्या.

"कॉलेजवाले, जिनवाल्यांना एक अर्ज लिहून द्या. मंगळवारी दोन तास सोडा, एवढंच."

मी रूळ ओढून, 'सविनय विनंती' घालून अर्ज लिहिला. बाई घुटमळल्या. "नावं नकोत ना?"

"नावाशिवाय अर्जाला वजन येत नाही," मी म्हणालो.

सात नावं लिहिली. पहिलं वहिनीचं.

दुसऱ्या दिवशी मुकादमानं फाटकात उभं राहून ती सातही नावं पुकारली आणि साती जणींना घरी पाठवलं. पोटुशी बाई रेच्यापाशी भोवळ येऊन पडली तर जबाबदारी कोणाची, असं तो म्हणाला. तोवर त्याला एकीचाही पत्ता नव्हता. सदरा कशासाठी होता, ते मला तेव्हा कळलं.

वहिनी भरदुपारी घरी आली. मला वाटलं ओरडेल. तिनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, मग म्हणाली, "भाऊजी, अक्षर लय सुंदर हाय म्हने मुकादम."

पुढच्या मंगळवारी बाक रिकामा होता. बाई दारोदार फिरल्या. आतून भांडी वाजत होती आणि दारातली पोरं सांगत होती, "माय घरी नाही." बाईकडं गेलं की नाव लिहिलं जातं, आणि नाव लिहिलं गेलं की काम जातं. वस्तीला एवढं पुरेसं होतं.

मी खामगावला निघालो तेव्हा बाई मोटारस्टँडवर आल्या. माझ्या डोळ्याला त्यांनी हात लावला नाही.

"तुमच्या वहिनीचे पाय सुजलेत हो. मी लांबून पाहिलं. तिला सांगा, मी आता नाव लिहीत नाही. नुसता डोळा बघीन."

मोटार सोडून मी धावत घरी गेलो. वहिनी माहेरी, वडनेरला निघायला गाठोडं बांधत होती.

"बाईनं नाव खोडलं त मुकादमाच्या ध्यानातलं कोन खोडन?" ती म्हणाली. "मी वडनेरले तुरी सोंगाच्या मजुरीले जातो. तेथं कोनाले मालूम नाही. तुमी शिका, भाऊजी."

आणि तिनं दादाचा सदरा गाठोड्यात घातला.

बाई नंतर बदली मागून गेल्या. कुठं, ते मला ठाऊक नाही. त्याआधी त्यांच्याविषयी शेवटचं जे मला कळलं, ते फाल्गुनात आलेल्या कार्डातून. दादानं सांगितलेलं, शाळेतल्या गुरुजींनी लिहिलेलं:

"तुझी वहिनी सोमवारी वारली. मूल पोटातच गेले. अखेरीस तीच म्हणाली, बाईले बोलवा. मी गाडी जुंपून बाईंना घेऊन आलो, पण उशीर झाला होता. बाई उशाशी बसल्या. सवयीने दोन बोटे डोळ्याखाली नेली. मग तिथून उचलून वरच्या पापणीवर ठेवली."