नातीच्या गेममधला दगड

शंकरभाऊ, गुडघा कसा आहे? वरोऱ्याच्या कमलबाई, खोकला थांबला काय? मुलचेऱ्याचे मास्तर, साखर आटोक्यात हाय ना? मी ठणठणीत आहे, फक्त पोटात जळून राह्यलं, अन् ते पित्त नाही.

नात पिंकी नागपूरहून आली, उद्या परत जाते. दरवर्षी माझ्यासंगं बोडीवर, म्हणजे गावच्या तळ्यावर, गळ टाकायला येते. यंदा एकदाही नाही. तिच्या व्हिडिओ गेममध्ये एक दगडी प्राणी आहे. त्याचं नाक म्हणजे लोहचुंबक, तोंड सदा उत्तरेला. दिवसभर त्याचेच लाड. आमची मंडळीसुद्धा म्हणते, "पोरी, उत्तरेकडे डोकं करून निजवू नको त्याले!" माझी खाट कुठं तोंड करून आहे, हे तिनं लग्नापासून पाह्यलं नाही.

आज मी हट्टाला पेटलो. पहाडावरून आणलेला चुंबकी दगड पेटीतून काढला. सुया जवळ नेल्या, टपाटप चिकटल्या.

"हा खरा आहे. तुझा नुसता गेमच्या डब्यातला."

"आबा, हा तर त्याचा मोठा भाऊ!" म्हणत तिनं माझा दगड उचलला अन् गेमशेजारी उशीवर ठेवला. घ्या! माझाच गडी त्याच्या पार्टीत गेला.

मी हळूच विचारलं, "संध्याकाळी बोडीवर येतेस काय?"

"येते ना. पण हे दोघंबी येतीन."

आता निघतोच आहोत. गळ माझ्या खांद्यावर, ते दोघं तिच्या झोळीत. मत्सर काही गेला नाही, पण पोरगी संगं हाय.

तुमच्या नातवंडांनी तुम्हाला कोणासाठी मागं टाकलं? लवकर लिहा, तेवढाच जिवाले आधार.