अर्थ सांगणारा भावकू

भावकू म्हणजे आमच्या पिरनवाडीच्या प्रार्थनाघरातला अर्थ सांगणारा. एरवी कॅम्पात मशीनवर बसून जवानांच्या वर्द्या शिवतो आणि दिवसाला दहा शब्द बोलला तर लई. उपासनेत कुणाला पवित्र आत्म्याची प्रेरणा होऊन अन्य भाषा, म्हणजे बोलणाऱ्यालाही न कळणारी बोली, तोंडी आली, की तिचा अर्थ मराठीत सांगायचं कृपादान देवानं नेमकं ह्या मुक्या माणसाला दिलं. का दिलं ते देवालाच ठाऊक.

पूर्वी आमच्यात एकदम अठराजण अन्य भाषेत बोलायचे. शेजारच्या गिरणीवाल्यानं तक्रार केली, की त्याला स्वतःची गिरणी ऐकू येईना. मग पास्टर विक्रमनी बायबलातलं पौलाचं पत्र उघडलं. एका उपासनेत दोघं, फार तर तिघं, तेही पाळीनं, आणि अर्थ सांगणारा नसेल तर गप्प बसायचं. झालं! फळ्यावर नावं लागली, नळाच्या पाण्याच्या पाळ्या लागतात तशी. लग्नाला जायचं असलं की लोक पाळी बदलून घ्यायला लागले. प्रियदर्शनी टीचर एकदा वीस मिनिटं बोलल्या. भावकू उठला, "देव म्हणतो, भिऊ नका," म्हणाला आणि खाली बसला.

"एवढंच?" टीचर चिडल्या.

"एवढंच होतं."

जुलैत माझी बोलायची पाळी सहा आठवड्यांनी आली, आणि हा बाबा भाताचं रोप लावायला आपल्या शेतावर जांबोटीला जाऊन बसलेला. माझा जीव टांगणीला. माझ्या सौम्याला मंगळुरात नर्सची नोकरी लागली होती, मंगळवारी निघायचं होतं. तिचे वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. मी नको म्हटलं, रुसले, दोन दिवस जेवले न्हाय. पोरगी ढिम्म. शेवटी म्हणाली, "भावकूमामाच्या तोंडून देव नको म्हणाला, तर न्हाय जाणार." आता सांगा, मी भावकूला सोडते व्हय?

टेम्पो ठरवला. पास्टर, टीचर, सौम्या धरून चौदाजण निघालो. पास्टरांनी फळासुद्धा घेतला, नियम म्हणजे नियम. शेतात भावकू गुडघाभर चिखलात, हातात रोपांची पेंढी. बांधावर छत्र्या उघडून आम्ही गाणं सुरू केलं, तशा शेजारच्या शेतातल्या बायका कंबर सरळ करून बघत राहिल्या. भावकूनं आमच्याकडं बघितलं, फळ्याकडं बघितलं.

"व्हय?" म्हणाला. तेवढंच.

पास्टरांनी माझं नाव पुकारलं. मी डोळे मिटले आणि सुरू केलं. खरं सांगते, आतून काही येत नव्हतं, तोंडातून मात्र भरपूर येत होतं. मी हात वर केले, रडले, मध्येच एक पाय चिखलात गेला तरी थांबले न्हाय. मग आमेन म्हणून भावकूकडं बघितलं.

त्यानं हातातली पेंढी खाली ठेवली. मग मान हलवली. "मनूआक्का, मला अर्थ लागंना."

माझं डोकंच फिरलं. "लागंना म्हणजे? इतकी वर्षं लागला, आजच बरा न्हाय लागत! देव म्हणतोय, पोरीला मंगळुरला धाडू नका. सरळ तर हाय की!"

बोलले आणि माझं मलाच कळलं, काय बोलले ते. टीचरनी छत्री तोंडापुढं धरली. पास्टर फळ्यावरचं माझं नाव पुसायला लागले, त्यांना दुसरं काही सुचलं नसेल. लाजेनं मी मेल्याहून मेले. देवाच्या नावावर मी माझं खपवत होते, तेही पोटच्या पोरीला.

भावकू चिखलातून बांधाजवळ आला. चिडला न्हाय, हसलाही न्हाय. "आक्का," म्हणाला, "मग ते तुझं हाय. तुझं हाय तर मराठीत सांग की तिला."

इतकं लांबलचक वाक्य त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. सगळे बघत होते. सौम्या समोरच उभी होती. मला पाळी नको होती, फळा नको होता, कुणीच नको होतं.

"पोरी," मी म्हटलं, "तू गेलीस की घरात मी एकटी. मला भ्या वाटतंय गं."

सौम्यानं छत्री खाली टाकली आणि माझ्या गळ्यात पडली. तिला हुंदका आवरेना. "मला बी वाटतंय आई," म्हणाली, "महिना झाला वाटतंय. तू भांडत होतीस, मग सांगू कुणाला?"

मंगळवारी तिला गाडीत मीच बसवलं.